एकशिंगीची पाठ

धाकट्याच्या पोरीचं लग्न ठरलं, ते वर्ष. आदल्या वर्षी पाऊस नावाला पडून गेला होता आणि त्या वर्षी तर त्याने नावही राखलं नाही. वस्तीवर पाण्याचा टँकर यायचा. माणसं हंडे घेऊन त्याच्यामागे धावायची आणि शेळ्या माणसांच्या मागे.

धाकटा म्हणजे ताईचा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता, म्हणून ताईनेच त्याला कडेवर वाढवला. पुढे तिचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, आणि ती सासरहून परत आली ती चार शेळ्या हाकत. भांडी मागितली नाहीत, दागिने मागितले नाहीत. शेळ्या तेवढ्या मागितल्या. सासरच्यांनी हसून दिल्या. त्या चार शेळ्यांचं पुढे वाडगं, म्हणजे कुंपण घातलेला गोठा, भरलं. भावाच्या घरातली रस्त्याकडची खोली तिची, मागच्या अंगणातलं वाडगं तिचं, आणि चूलही तिची वेगळी. "शेळ्या आहेत तोवर माझी चूल आहे," असं ती म्हणायची. शेळ्या संपल्या की ती भावाच्या चुलीवरची पाहुणी झाली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भावजय वाईट नव्हती. पण दुसऱ्याच्या घरात वाढून घेतलेलं ताट कसं असतं, ते ताईने सासरी पाहिलं होतं.

दोन वर्षांच्या दुष्काळात वाडगं रिकामं होत गेलं. काही विकल्या, काही गेल्या. उरल्या पाच, आणि पाचही गाभण. एकशिंगी, ठेंगणी, चिंधी, मास्तरीण आणि पाहुणी. चिंधी दोरीवरचे कपडे खायची म्हणून चिंधी. मास्तरीण सगळ्यांकडे अशी रोखून बघायची, की समोरच्याला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं. पाहुणी दुसऱ्या वस्तीवरून आलेली, चार वर्षं झाली तरी कोपऱ्यातच उभी राहायची. एकशिंगी सगळ्यांत जुनी, सासरहून आलेल्या शेळीची नात. या पाच सुखरूप व्यायल्या तर वाडगं पुन्हा उभं राहणार होतं. नाही व्यायल्या तर नाही.

गाभण शेळीचं एक असतं. पहिले तीन-साडेतीन महिने ती कशावरही काढते. शेवटचा दीड महिना अवघड. पोटातली करडं वाढतात ती तेव्हाच, आणि ती वाढली की चाऱ्याला पोटात जागा उरत नाही. सुकं गवत, कडबा, भुसा, कितीही पुढे टाका, ती थोडंसं खाऊन तोंड फिरवते. मग करडं तिच्या अंगावरचं मांस खातात. म्हणून तेव्हा थोडक्यात ताकद देणारं काहीतरी लागतं. ताई त्याला खुराक म्हणायची. वाळवून कुटलेल्या बाभळीच्या शेंगा, त्यात थोडा धान्याचा भरडा, चिमूटभर मीठ. सुरुवात मुठीने करायची आणि हळूहळू वाढवत न्यायचं. इतर जनावरांनी ढुशा देऊ नयेत म्हणून फळीच्या आड, एकेकीला.

आणि आणखी एक गोष्ट ती वस्तीवरच्या पोरीबाळींना नेहमी सांगायची. गाभणीचं पोट बघू नका, पाठ चाचपा. पोट करडांचं असतं, शेळी पाठीत असते.

तो सबंध उन्हाळा ती कोरड्या ओढ्याच्या काठाने शेंगा गोळा करत हिंडली. डोक्याला फडकं, हातात आकडी, काखेत गोणी. वस्तीवरचे लोक चेष्टा करायचे, की ताई आता झाडांची मुळंही उपटून आणणार. तिने मागच्या खोलीत पत्र्याची पिंपं भरली, झाकणं घट्ट लावली, झाकणांवर दगड ठेवले. शेवटच्या शेंगांसाठी ती एका पडक्या बांधावर चढली. बांधाचा धोंडा सुटला, आणि ती शेंगांसकट खाली आली.

पाय मांडीत मोडला. हाडांच्या डॉक्टरने कमरेपासून टाचेपर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, की आता उठायचं नाव काढू नका. ताईने विचारलं, शेळ्या कधी व्यायच्या ते तुम्ही सांगणार का त्यांना? डॉक्टर हसला. पण प्लास्टर राहिलंच.

आता खुराक कोण घालणार? धाकटा म्हणाला, मी घालतो. त्याने शेळ्यांत कधी लक्ष घातलं नव्हतं. तो वीटभट्टीवर मुकादम होता, कपड्यांना माती लागली तर चालायची पण लेंडीचा वास चालायचा नाही. ताईने त्याला खाटेवरून सगळं समजावलं. मूठ केवढी, मीठ किती, पाणी आधी की नंतर. तो मान डोलवत होता. वाढ करताना घाई करायची नाही, हे सांगायचं राहिलं की सांगितलं होतं, हे तिला पुढे कितीदा आठवूनही आठवलं नाही. तिच्या दृष्टीने ती सांगायची गोष्टच नव्हती. पाणी उतारावरून वाहतं हे कोणी सांगतं का?

मग रोज संध्याकाळी धाकटा भट्टीवरून यायचा, मागे वाडग्यात जायचा, आणि थोड्या वेळाने हात धुऊन ताईच्या खाटेशी येऊन बसायचा. वाडगं मागे, खोली पुढे. तिला तिथून काही दिसायचं नाही, ऐकूही फारसं यायचं नाही. म्हणून तो सांगायचा. चिंधीने आज माझ्या सदऱ्याची बाही चघळली. ठेंगणी फळीखालून डोकं घालून मास्तरणीच्या वाटणीचं खायला गेली, तर मास्तरणीने अशी नजर टाकली की बिचारी उलट्या पावली मागे. एकशिंगी गव्हाण चाटूनपुसून लख्ख करते, भांडी घासायला तिलाच ठेवावं. पाहुणी आधी लाजते, सगळ्यांचं झालं की मग खाते, अगदी नवी सून.

ताई हसायची. दिवसभर छताकडे बघत पडलेल्या माणसाला संध्याकाळ म्हणजे तेवढीच. तिला वाटायचं, पोराने इतकी वर्षं शेळ्यांकडे ढुंकून पाहिलं नाही, पण डोळा आहे त्याला. पाहुणीचं लाजणं त्याने बरोबर हेरलं. आपणच वाढवलेला आहे शेवटी.

अधूनमधून तो शेळ्या तिच्या खिडकीसमोरून हाकून न्यायचा. रस्त्याच्या पलीकडच्या कडेने, आडव्या. दाट केसांच्या शेळ्या, पोटं दोन्ही बाजूंना टम्म. ताई कोपरावर उठून बघायची आणि समाधानाने मागे टेकायची. एकदा भावजय म्हणाली, "पोटं बघा कशी झालीत." ताई म्हणाली, हो ना.

पाठ चाचपा, हे जगाला सांगणारी बाई पोटं बघून निवांत झाली. खिडकीतून हात कुठवर पोचणार?

त्या दिवसांत भाची जरा कमी यायची. आधी रोज येऊन आत्याची वेणी घालायची, सासरच्या गोष्टी विचारायची. आता वेणी घालायची पण बोलायची नाही. ताईला वाटलं, लग्न ठरलेल्या पोरी अशाच गप्प होतात. तिने तिला छेडलंही, की नवरा मुलगा एवढा बोलका आहे का, की तुझे सगळे शब्द आधीच घेऊन गेला. पोरीने फणी खाली ठेवली आणि पाणी आणते म्हणून उठून गेली. पाणी काही आलं नाही.

गोष्ट बाहेर आली ती टँकरवाल्याच्या तोंडून, आणि तीही कौतुक म्हणून.

टँकरवाला दोन-तीन वस्त्यांना पाणी द्यायचा. ताईच्या खिडकीखालीच टाकी होती. नळी टाकीत सोडली की तो खिडकीच्या गजांशी उभा राहून गप्पा मारायचा. त्या दुपारी त्याने पायाची चौकशी केली आणि म्हणाला, "ताई, तुमच्या शेंगांचं पलीकडच्या वस्तीवर नाव झालंय हो. तुमच्या व्याह्यांच्या शेळ्या अशा तुकतुकीत, की बघत राहावं. सगळ्या वस्तीत शेळ्यांच्या बरगड्या मोजाव्यात आणि त्यांच्या तेवढ्या ठणठणीत. मी विचारलं, काय घालता? तर म्हणाले, सोयऱ्यांनी पिंपंच्या पिंपं पाठवली. मोठ्या मनाचं घर मिळालं म्हणतात पोराला."

ताई म्हणाली, असं होय. मग तिने विचारलं, कधीपासून?

टँकरवाल्याने आठवून सांगितलं, की साखरपुड्याच्या पुढच्या खेपेपासूनच की. काही गोण्या तर त्यानेच टँकरवर टाकून नेल्या होत्या. त्याला वाटलं ताईंनीच पाठवल्या. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने नळी गुंडाळायला घेतली, टाकी अर्धीच भरली होती तरी.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी म्हण आहे. इथे घोडं व्याह्याने धाडलं नव्हतं. आपण होऊन त्याच्या दारात नेऊन बांधलं होतं, दुसऱ्याच्या दाण्यावर.

दुपारभर ताई पडून राहिली. भावजयीने जेवण आणलं, ताट उचलून नेलं, ताट तसंच होतं हे तिने पाहिलं आणि काही विचारलं नाही. तिने विचारलं नाही, यावरून ताईला कळलं की तिलाही ठाऊक आहे. भाचीलाही ठाऊक होतं. गोण्या काही एकट्या माणसाने भरलेल्या नव्हत्या. सगळ्या घरात एकटी तीच होती जिला ठाऊक नव्हतं, आणि शेंगा तिच्या होत्या.

संध्याकाळी धाकटा आला. मागे जाऊन आला, हात धुतले, खाटेशी बसला. ताईने रोजच्यासारखं विचारलं, आज काय खाल्लं? तो रोजच्यासारखं सांगू लागला. आज ठेंगणीने कमाल केली म्हणे, फळीवर दोन पाय ठेवून उभीच राहिली. ताईने त्याला सगळं बोलू दिलं. मधे एकदा हूं म्हटलं. त्याचं सांगून झालं तेव्हा ती म्हणाली, "एकशिंगीला इथे घेऊन ये."

"इथे? खोलीत?"

"खोलीत."

तो म्हणाला, दमलेली असेल, दिवस भरत आलेत, आता कशाला. उद्या सकाळी आणतो. खोली घाण करील. ताई त्याच्याकडे बघत राहिली. मास्तरणीने तरी काय वेगळं बघितलं असतं? तो उठला.

एकशिंगी उंबऱ्याशी अडली. मग ताईचा वास लागला तशी आत आली आणि खाटेच्या कडेला तोंड घासू लागली. पोट एवढं, की चालताना दोन्हीकडे हलत होतं. ताईने हात लांब करून केसांत घातला. केसांखाली मांस नव्हतं. मणका न् मणका बोटाला लागत होता, दोन्ही बाजूंनी पाठ खोल उतरली होती. कमरेची हाडं खुंट्यांसारखी. ताईचा हात मानेपासून शेपटापर्यंत गेला आणि परत आला. शेळी उभी होती, तोंड तिच्या कुशीत खुपसून.

"पोट आहे," ताई म्हणाली. "शेळी नाही."

धाकटा दाराच्या चौकटीला टेकला. मग त्याने सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ताई खाटेवर असताना झालेल्या साखरपुड्याच्या बैठकीत व्याही सहज म्हणाले होते, आमच्याकडे जनावरं उपाशी आणि तुमच्याकडे म्हणे शेंगांचा डोंगर आहे. दहा माणसं ऐकत होती. तो म्हणून गेला, न्या की, आपलंच आहे.

"चार लोकांत शब्द गेला तोंडातून, ताई. मागे कसा घेणार? पोरीचं लग्न आहे."

"शब्द तुझा गेला. शेंगा माझ्या गेल्या."

"तू दिल्या असत्यास का?"

ताईने खरंच विचार केला. तिला खोटं बोलायचं नव्हतं, निदान तिला तरी. "नसत्या दिल्या," ती म्हणाली. "एखादी गोणी दिली असती. पोरीसाठी. पिंपं नसती दिली."

"मग?"

"मग काय? नसत्या दिल्या, म्हणूनच त्या माझ्या होत्या." ती म्हणाली. "शेंगांचं मी गिळीन रे कधीतरी. माणूस फुशारकीत बोलून जातो. पण रोज इथे बसून तू मला गोष्टी सांगत होतास. पाहुणी लाजते, एकशिंगी गव्हाण चाटते. त्या तुला कोणत्या व्याह्याने सांगायला लावल्या?"

धाकट्याने सदऱ्याच्या बाहीवरचा भुसा झटकला. मग म्हणाला, "तू अशी पडून असायचीस. तुला बरं वाटावं म्हणून."

तिने भिंतीकडे तोंड केलं. मोडलेल्या पायामुळे अंग वळत नव्हतं, मान तेवढी वळली. त्याने दोनदा हाक मारली. मग तो शेळीला घेऊन गेला.

इथवरची गोष्ट कुठल्याही घरात घडू शकते. भावाने बहिणीचं घेतलं, खोटं बोलला, पकडला गेला. पुढचं मात्र शेळ्यांच्या घरातच घडतं.

धाकट्याला लाज वाटली होती आणि ती खरी होती. तो मागे गेला. पिंपांत तळाशी दोन-चार मुठी शेंगा होत्या. मग तो घरात गेला आणि घरचं धान्य ठेवलेली कोठी उघडली. बायको म्हणाली, काय करताय, लग्नाचं आहे ते. त्याने ऐकलं नाही. आतापर्यंत जे दिलं नाही ते आज देतो, असं त्याच्या मनात होतं. त्याने धान्य घमेल्यांनी नेलं आणि गव्हाणीत ओतलं, काठोकाठ. फळी बाजूला सारली. आठवडेच्या आठवडे भुशावर राहिलेल्या शेळ्या धान्यात तोंड घालून उभ्या राहिल्या. तो तिथेच बसून त्यांच्याकडे बघत होता. भावजयीने नंतर सांगितलं, की त्या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो म्हणत होता, खा, खा. पहिल्यांदाच तो त्यांना खाताना बघत होता.

उपाशी शेळीच्या पोटात एकदम धान्य पडलं की ते आंबतं. ती फुगते, पाणी पीत सुटते, पाय ओढते आणि बसते. बसली की उठणं कठीण. हे ताईला झोपेतही ठाऊक होतं. आणि ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

सकाळी भाची धावत आली. आत्या, एकशिंगी उठत नाही. ताईने खाटेवरून पाय खाली टाकला तेव्हा भावाने आणि भावजयीने तिला खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून मागे नेलं. पाय मोडल्यापासून ती पहिल्यांदा वाडग्यात आली. गव्हाणीत अजून धान्य शिल्लक होतं. ते बघूनच ती समजली.

मग ती बोलली, पण भावाशी नाही. भावजयीला म्हणाली, गव्हाण रिकामी कर. भाचीला म्हणाली, खायचा सोडा आण, गोडं तेल आण, उभ्या आहेत त्यांना चालव, बसू देऊ नकोस. मास्तरीण आणि चिंधी उभ्या होत्या, त्यांना चालवलं. पाहुणी कोपऱ्यात थरथरत होती. ठेंगणी आडवी होती, मान मागे टाकून. तिने जास्त खाल्लं असणार. ती नेहमीच दुसऱ्याच्या वाटणीवर डोळा ठेवायची, धाकट्याच्या त्या सगळ्या गोष्टींत तेवढी एक खरी होती. ताईने खुर्ची एकशिंगीजवळ घ्यायला लावली. तिच्या डाव्या कुशीवर हात ठेवला तर ढोलासारखी ताणलेली.

तेव्हा ती भावाला म्हणाली, "कुणाला विचारून घातलंस?"

"तू बोलत नव्हतीस," तो म्हणाला. "विचारू कुणाला?"

भाची रडत रडत मास्तरणीला गोल फिरवत राहिली.

पाहुणी दोन दिवसांनी गाभडली, तिचा गर्भ पडला. चिंधी व्यायली, पण करडू हातात मावेल एवढं, आणि तिच्या सडांत दूध नव्हतं. मास्तरणीला एक पाठ झाली, म्हणजे मादी करडू. अशक्त, पण जगली. पाचांतून एवढंच.

लग्न ठरल्या दिवशी झालं. ताई काठी टेकत गेली, पहिल्या रांगेत बसली, भाचीच्या डोक्यावर हात ठेवला. भाची तिच्या गळ्यात पडली आणि कानाशी काहीतरी पुटपुटली. ताईने तिची पाठ थोपटली आणि म्हणाली, जा, सुखी राहा. व्याही मुद्दाम जवळ येऊन उभे राहिले. भले माणूस होते. म्हणाले, तुमच्या भावासारखा दिलदार माणूस आम्ही पाहिला नाही, आमची जनावरं त्यांनी वाचवली. ताई म्हणाली, हो, त्याचा हात सढळ आहे. धाकटा शेजारीच उभा होता. त्याला ती एवढ्या लोकांत काही बोलली असती तर बरं वाटलं असतं.

पुढे ती भावाशी बोलायला लागली, नाही असं नाही. एका घरात राहून किती दिवस गप्प राहणार? तो रोज संध्याकाळी येऊन उंबऱ्यावर बसायचा. शेळ्यांचं नाव काढायचा नाही, पण इतर बोलायचा. ती ऐकायची. मात्र तो म्हणाला बाहेर पाऊस लागलाय, तर ती खिडकीतून हात बाहेर काढून बघायची. तो म्हणाला टँकर आला, तर भावजयीला विचारायची, आला का गं? मुद्दाम नाही. तो दिसायचाही नाही तिला तसं करताना. हात आपोआप जायचा. तो बघायचा.

वाडगं परत भरलं नाही. मास्तरणीची पाठ मोठी झाली, तिला दोन करडं झाली, त्यांतलं एक राहिलं. ताईची चूल तेवढ्यावर कशीबशी चालली. मास्तरीण आणि तिची पाठ, दोघी गाभण असल्या की ताई जमिनीवर फतकल मारून बसायची, मूठमूठ खुराक आपल्या हाताने चारायची, आणि दुसऱ्या हाताने पाठ चाचपायची. त्या वाडग्यात मग दुसरं कोणीच खाऊ घालायला गेलं नाही. तिने कोणाला जाऊ दिलं नाही.

एकशिंगी, ती उठली नाही त्याच दिवशी, दुपारी मेली, पोटातल्या दोन करडांसकट. ठेंगणी तिच्या आधी, सकाळीच. धाकटा त्यानंतर सहा वर्षांनी, भट्टी बंद असतानाच्या दिवसांत, छातीत कळ येऊन गेला. ताई त्याच्यानंतर तीन वर्षांनी गेली, उन्हाळ्यात, शेंगा पडायला लागल्या होत्या तेव्हा.